रेषेच्या खाली

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

सांगून टाकलं एकदाचं! माणच्या कंपनीत राजीनामा देऊन महिना होत आला, पण अब्बांपुढे तोंड उघडायची हिंमत होत नव्हती. आज ते मेथी निवडत बसले होते. मी खोलीभर येरझाऱ्या घालत एका दमात सगळं बोलून मोकळी झाले. आयटी पार्कातली कायमची नोकरी सोडली. चाकणला दिव्याबरोबर नवीन काम सुरू केलंय, हे सांगताना मात्र चेहऱ्यावरचं हसू लपेना. कंपनी म्हणजे सध्या आम्ही दोघीच. डिसेंबरअखेरपर्यंत एक तरी खरं गिऱ्हाईक मिळालं नाही तर गाळ्याला कुलूप आणि मी घरी. सगळं बोलून झाल्यावर त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि आता तोफ सुटणार म्हणून वाट बघत राहिले.

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, "बरं हाय. कर तू."

एवढंच! भांडणाची माझी सगळी तयारी फुकट गेली. दहावीनंतर मी सायन्स घेऊ की नको यावरून ज्या माणसाने घर डोक्यावर घेतलं होतं, तो माणूस मेथीच्या काड्या बाजूला करत "कर तू" म्हणतो! मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे त्यांच्या गळ्यात पडले. त्यांनी "अरे अरे, भाजी" म्हणत ताट वाचवलं.

अम्मी गेल्यापासून अब्बा फार निवळलेत. ती होती तेव्हा आमच्या थेरगावच्या या दोन खोल्यांत नुसता कल्ला असायचा. मी काही बोलले की अम्मी तेच वाक्य अब्बांना पुन्हा मोठ्याने ऐकवायची. मी चिडायचे, "अगं, ऐकलंय त्यांनी!" आता घर कसं शांत असतं. अब्बा टीव्हीवर मॅचसुद्धा आवाज बंद करून बघतात. म्हणतात, कॉमेंट्री डोकं खाते.

त्यांच्या त्या दोन शब्दांवर मी आता डोंगरसुद्धा फोडेन.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

डोंगर फोडायचं राहू दे, आज एक सरळ रेषा काढता आली नाही.

आमचा गाळा ज्योतीरामभाऊंच्या प्रेस शॉपच्या मागे आहे. चाकणमध्ये 'लेझर' म्हटलं की लोक आग लागेल म्हणून गाळा देईनात, तेव्हा ज्योतीरामभाऊ म्हणाले, "या की ताई, आमच्याकडं काय आगीला कमी हाय का?" माणूस लातूरचा आणि मनाने मोकळा. पण त्यांच्या प्रेस पत्रा कापायला लागल्या की आमचं टेबल नाचतं, चहा नाचतो आणि आमचा आलेखही नाचतो.

आम्ही प्रकाश मोजायचं यंत्र बनवतोय, म्हणजे डिटेक्टर. दिव्या भौतिकशास्त्रातली डॉक्टर आणि मी इलेक्ट्रॉनिक्सवाली, त्यामुळे पहिल्या दिवशी तिने मला ज्वारी देऊन शिकवलं. खरंच. सुपातली ज्वारी पत्र्याच्या ताटात ओतली. "ऐक," म्हणाली, "धार कितीही सारखी धरलीस तरी खडखड होतेच ना? कारण ज्वारी दाण्यादाण्याने पडते. प्रकाशही तसाच दाण्यादाण्याने येतो. लेझर कितीही चांगला असू दे, ही खडखड राहणारच. तोच क्वांटम गोंगाट. आपल्या यंत्राचा स्वतःचा गोंगाट इतका कमी पाहिजे की ही खडखड स्वच्छ ऐकू आली पाहिजे. त्याच्यापेक्षा शांत साध्या प्रकाशाला होताच येत नाही. ती निसर्गाची मर्यादा."

"आणि आपण जे ऐकतोय ते यंत्राची खरखर की निसर्गाची खडखड, हे ओळखायचं कसं?"

"प्रकाश दुप्पट कर. गोंगाटाचा जोर दुप्पट झाला तर निसर्ग. चौपट झाला तर आपली काहीतरी भानगड."

म्हणजे प्रकाश वाढवत जायचं आणि आलेखावर बिंदू टाकत जायचे. सगळे बिंदू एका सरळ रेषेवर बसले की आपण जिंकलो. आज माझे बिंदू मंडईत सुटलेल्या शेळ्यांसारखे पसरले होते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

रेषा! रेषा! रेषा!

आज गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी. तळेगाव चौकसुद्धा आज गाडी थांबवल्याशिवाय पार झाला. ज्योतीरामभाऊंचं शटर खाली, आजूबाजूचे सगळे गाळे बंद. कुठे वेल्डिंग नाही, कुठे प्रेस नाही, वीज चालू, पण तारांतसुद्धा गोंगाट नाही. दिव्याने आणि मी, जुने फोटोवाले कॅमेऱ्यावर टाकायचे तसं काळं कापड टेबलावर टाकलं आणि लेझर सुरू केला. प्रकाश थोडा वाढवला, एक बिंदू. दुप्पट केला, दुसरा बिंदू. पुन्हा दुप्पट. दिव्याने पट्टी लावली. बिंदू पट्टीवर!

आम्ही दोघी त्या रिकाम्या एमआयडीसीत लहान मुलींसारख्या नाचलो. मला वाटलं होतं, विश्वाची खडखड ऐकायला मोठी प्रयोगशाळा लागते. आम्ही ती पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीपलीकडे ग्रीसचे डबे असताना ऐकली.

अब्बांना फोन केला. उचलला नाही. ते फोन उचलतच नाहीत, मेसेज केला की मात्र लगेच उत्तर. लिहिलं, "आज खूप मोठं काम झालं." उत्तर आलं, "ओके" आणि गुलाबाचं फूल. माझे गोड अब्बा.

यापुढे सगळी मोजमापं गुरुवारी. मी रविवारी सुट्टी घेणार.

सोमवार, १० नोव्हेंबर

विशेष काही नाही. दिवसभर सोल्डरिंग. घरी आले तर डाळ करपलेली आणि अब्बा खिडकीत निवांत. म्हणाले, शिट्ट्यांकडे लक्ष नव्हतं. दार सताड उघडं होतं. मी रागावले की असं दार उघडं टाकत जाऊ नका, कुणीही आत येईल. म्हणाले, "येऊ दे की. बेल वाजवायचा तरास कशाला कुणाला." इतकं मोकळं मन मला का नाही मिळालं?

शनिवार, १५ नोव्हेंबर

गिऱ्हाईक दिसायला लागलं! बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेतले डॉ. खांबेटे. त्यांना नव्या प्रयोगासाठी असेच डिटेक्टर हवेत, आत्तापर्यंत बाहेरच्या देशातून मागवतात. दिव्याने आमची रेषा पाठवली होती. त्यांचं उत्तर एका ओळीचं, "रेषा चांगली आहे, पण जास्त प्रकाशावर काय होतं ते दाखवा." दिव्याने तिघांचा एक ग्रुप केला.

आणि दिव्या आज भावाच्या लग्नासाठी रत्नागिरीला गेली. मला म्हणाली, "प्रकाश हळूहळू वाढव. काही विचित्र दिसलं तर आधी मला कळव." मी म्हटलं, मॅडम, तुम्ही निर्धास्त वरातीत नाचा.

गुरुवार, २० नोव्हेंबर

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

आज एकटीच गाळ्यात. प्रकाश वाढवत गेले. बिंदू रेषेवर, रेषेवर, रेषेवर. मग अजून वाढवला आणि बिंदू रेषेच्या किंचित खाली. मला वाटलं चूक. पुन्हा मोजला. खाली! अजून प्रकाश, अजून खाली! म्हणजे जितकी खडखड व्हायलाच पाहिजे असं निसर्ग म्हणतो, त्याहून आमच्या यंत्रात कमी! गोंगाटाच्या मर्यादेखाली, चाकणमध्ये, मी, निलोफर बरकत मुलाणी!

मर्यादेखाली जाणारा प्रकाश जगात करतात, मला माहीत आहे, पण त्याला खास स्फटिक लागतात, वर्षानुवर्षं लागतात. आमच्याकडे स्फटिक नाही. पण आमच्या सर्किटमध्ये असं काहीतरी नवीन घडत असेल ना? शोध असेच लागतात ना?

मी आलेखाचा फोटो काढला आणि सरळ ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आम्ही रेषेखाली गेलो!" तीन उद्गारचिन्हं.

येताना डांगे चौकात पेढे घेतले. सोसायटीच्या वॉचमनला दिले, खालच्या मजल्यावर दिले, अब्बांच्या तोंडात कोंबला. "अब्बा, असं काहीतरी झालंय की पेपरात येईल!" अब्बा पेढा खात म्हणाले, "तुपातला हाय." मी हसून हसून बेजार.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी प्रेस शॉपमध्ये पेढे वाटले. ज्योतीरामभाऊ पेढा घेऊन म्हणाले, "ताई, आमच्या मशीनी बंद असल्या की तुमची चालायलीय. हे काय गणित हाय?" मी म्हटलं, भाऊ, आता तुमच्या शेडचं नाव जगात होणार. ते म्हणाले, "नाव व्हऊ द्या, पण भिंतीला अजून खिळे ठोकू नका."

दुपारी दिव्याचा फोन. पाठीमागे सनई वाजत होती. मला वाटलं अभिनंदन करेल.

"निलू, ग्रुपवर टाकायच्या आधी मला का नाही विचारलंस?"

"अगं, तू लग्नात होतीस."

"साध्या लेझरचा प्रकाश रेषेखाली जात नाही. जाऊच शकत नाही."

"पण गेलाय! मी पुन्हा पुन्हा मोजलाय."

ती सनईपासून जरा लांब गेली. मग म्हणाली, "एक कर. लेझरच्या प्रकाशात मुद्दाम एक बारीक खूण घाल. आपल्याला माहीत असलेली, छोटीशी शिट्टी म्हण. कमी प्रकाशात ती आलेखावर दिसेल. मग प्रकाश वाढव आणि बघ, ती शिट्टी दिसत राहते का. यंत्र खरंच शांत असेल तर शिट्टी आणखी ठळक ऐकू येईल."

"आणि नाही दिसली तर?"

"आधी करून तर बघ."

मला तिचा रागच आला. रत्नागिरीत बसून शंका काढायला काय जातंय? मी म्हटलं गुरुवारी करते. प्रेस चालू असताना तसंही काही नीट दिसत नाही. ही सबब आहे हे मलाही कळतंय, पण आज मला आनंदात राहू द्या की.

रविवार, २३ नोव्हेंबर

खांबेटे सरांनी ग्रुपवर लिहिलं, "४ डिसेंबरला पुण्यात आहे. गुरुवार आहे ना? येतो. रेषेखालचं बघायचं आहे." बघायचं आहे म्हणजे किती उत्सुकता! ते आले, त्यांना पटलं, की गाळा वाचला.

आज घरीच होते. अब्बांना बघून बरं वाटतं. अजान व्हायच्या आधीच घड्याळ बघून टोपी घालून निघतात, इतका वक्तशीर माणूस. शेजारच्या सावित्रीबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुझे वडील आजकाल हाकेला ओ देत नाहीत गं, रागावलेत का आमच्यावर?" मी म्हटलं, छे, त्यांच्या तंद्रीत असतात. माणूस आयुष्यभर प्रेसच्या धडधडीत उभा राहिला, आता शांत बसला तर लोकांना तेही खुपतं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

दुपारीच घरी आलेय. सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी गाळ्यात पोचले. दिव्या उद्या येते आहे, म्हणून तिच्या तोंडावर मारायला खूण घालूनच टाकू म्हटलं. कमी प्रकाशात शिट्टी आलेखावर काडीसारखी उभी राहिली, सुंदर दिसली. प्रकाश वाढवला, अजून उंच. मग मी त्या जागी आले जिथे बिंदू रेषेखाली जायला लागतात. काडी आखूड झाली. प्रकाश अजून वाढवला आणि काडी गेली. शिट्टी मी घालत होते, माझ्या हाताने, माझ्यासमोर. यंत्राला ती ऐकू येत नव्हती.

खुर्चीत बसले. मग सगळं स्वच्छ कळलं. इतका प्रकाश ओतला की डिटेक्टरचा ऊर भरून गेला. त्याला पुढचं काही घेताच येईना. मी त्याला शांत म्हटलं, पेढे वाटले, आणि तो बिचारा नुसता काही ऐकत नव्हता.

शटर ओढलं, गाडीला किक मारली आणि निघाले. मोशीपर्यंत रडत आले.

घराचं दार नेहमीसारखं उघडं. आत कुकरची शिट्टी. अब्बा ओट्यापाशी, माझ्याकडे पाठ करून, कुकरपासून हातभर अंतरावर, चहात साखर ढवळत होते. पुन्हा शिट्टी. मग पुन्हा. बाहेर कुत्रा भुंकायला लागला. अब्बांची मान हलली नाही, चमचा थांबला नाही. किती शांत दिसत होते.

मी दारातच उभी राहिले. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत.

म्हटलं, "अब्बा."

मग जरा मोठ्याने, "अब्बा."

मग जे त्यांना नक्की माहीत आहे, ज्यावर ते पटकन काहीतरी बोलतील असं म्हटलं. "अब्बा, मी माणची नोकरी सोडलीय."

चमचा फिरत राहिला.

शनिवार, २९ नोव्हेंबर

दोन दिवस मी फक्त मागचं आठवतेय. मॅच आवाज बंद करून. उघडं दार. गुलाबाचं फूल. घड्याळ बघून नमाजला जाणं. सावित्रीबाईंची हाक. आणि अम्मीचं प्रत्येक वाक्य पुन्हा मोठ्याने सांगणं. ती भांडत नव्हती. ती पोचवत होती. ती गेली आणि अब्बांकडे जाणारा रस्ताच बंद झाला, आणि मी त्याला घरातली शांतता म्हणत बसले.

मग सगळ्यात वाईट गोष्ट लक्षात आली. "बरं हाय, कर तू" हे त्यांनी कशाला म्हटलं होतं? मी फिरत फिरत, भराभर, पाठ करून बोलत होते. त्यांच्यापर्यंत एक शब्द गेला नसणार. ते अजून समजतात, मी रोज माणला जाते. ज्या होकारावर मी उडी मारली तो होकार कधी नव्हताच. मला रडू येतंय आणि स्वतःचा रागही येतोय. विश्वातली बारीकातली बारीक खडखड ऐकायला निघालेली बाई मी.

अजून त्यांना काही बोलले नाही. काय बोलू? आणि त्यांना खरंच नाही म्हणायचं असलं तर?

दिव्या आली. तिने मला एकही शब्द टोचला नाही. फक्त म्हणाली, "खांबेटे सरांना कोण लिहितंय, तू की मी?" मी लिहिलं, "रेषेखाली गेलो नव्हतो. आमचा डिटेक्टर जास्त प्रकाशात भरून गेला होता. खूण घालून तपासलं तेव्हा कळलं. चूक माझी." दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

दिव्या म्हणाली, "गुरुवार अजून यायचाय. चल, कामाला लाग." मग तिनेच सुचवलं की प्रकाश एका टाचणीएवढ्या जागी का ओततोय आपण? भिंग मागे घेतलं, ठिपका मोठा केला. तोच प्रकाश, पण पसरून. भरून जायची वेळ बरीच पुढे ढकलली! प्रेस धडधडत असतानासुद्धा एवढं दिसलं. दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवले.

गुरुवार, ४ डिसेंबर

खांबेटे सर आले. केस पांढरे, शर्ट साधा, बोलणं मोजून. ज्योतीरामभाऊंनी आज प्रेसच्या डायला, म्हणजे साच्यांना, पॉलिश मारायचं काम काढलं होतं, ते स्वतःहून बंद ठेवलं. म्हणाले, "आज शेडमधी माशीबी घोंगावू देणार न्हाई." आणि गाळ्याबाहेर खुर्ची टाकून पहारा द्यायला बसले.

सरांनी चहा बाजूला ठेवला. "रेषेखालचं दाखवा."

दिव्याने माझ्याकडे पाहिलं. माझा हात सरळ मोठ्या ठिपक्याकडेच गेला. पण मग वाटलं, लपवायला आता उरलंच काय आहे? मी आधी जुना, बारीक ठिपका लावला. प्रकाश वाढवला, बिंदू खाली गेले. "इथे मी पेढे वाटले," मी म्हटलं. मग खूण घातली आणि ती मरताना दाखवली. मग ठिपका मोठा केला आणि पुन्हा पहिल्यापासून. बिंदू रेषेवर. खूण जिवंत. पुन्हा दुप्पट. रेषेवर. जिथे आधी यंत्र गप्प झालं होतं, तिथेही रेषेवर! त्याच्याही पुढे मी स्वतःहून नेलं, खूण खचायला लागली तिथे थांबले आणि म्हटलं, "सर, इथपर्यंत हा डिटेक्टर निसर्गाची खडखड ऐकतो. यापुढे ऐकत नाही. यापुढचं आम्ही विकत नाही."

सरांनी माझ्या हातातून बटण घेतलं आणि स्वतः पुढे-मागे, पुढे-मागे करत बसले, पोराच्या हातात खेळणं द्यावं तसे. मग चहा उचलला. तो पार गार झाला होता.

"तुमचा तो उद्गारचिन्हांचा फोटो बघितला तेव्हाच मला कळलं होतं," म्हणाले. "मला बघायचं होतं, तुमचं तुम्हाला कळतं का. बाहेरून येणाऱ्या डिटेक्टरबरोबर असा आलेख कुणी देत नाही, कुठे ऐकणं थांबतं त्याचा. दोन द्या. वापरून बघतो. चालले तर पुढचा सगळा प्रयोग यांच्यावर."

गिऱ्हाईक! खरंखुरं! ते गेल्यावर दिव्या किंचाळली, मी किंचाळले, ज्योतीरामभाऊ काय झालं म्हणून धावत आत आले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग आता पेढे आणू का थांबू?" मी म्हटलं, भाऊ, डिटेक्टर पोचून चालू झाले की.

घरी जाताना मात्र अब्बांना काय आणि कसं सांगायचं तेच मनात जुळवत होते.

शुक्रवार, ५ डिसेंबर

काल घरी आल्यावर हे घडलं. काल लिहायचं बळ नव्हतं.

अब्बा त्यांच्या खोलीत होते. मी स्वयंपाकघरात बसून त्यांना मेसेज लिहिला. "अब्बा, मी माणची नोकरी सोडली. चाकणला प्रेस शॉपच्या मागे आमची कंपनी आहे. तुम्हाला एक तारखेला सांगितलं होतं, पण तुम्हाला ऐकू आलं नाही ना?" पाठवला आणि गुलाबाच्या फुलाची वाट बघत बसले.

फूल आलं नाही. अब्बा आले, फोन हातात धरून. समोरच्या पाटावर बसले. मी त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हटलं, "कधीपासून?"

"कंपनीत हुतो तवापास्नं." ते जमिनीकडे बघत होते. "वर्साला कानाची टेस्ट व्हायची. नापास झाला की मशीनवरनं काढायचे आन पॅकिंगला बसवायचे. टेस्ट घेणारा पोरगा बटण दाबायचा तवा त्याचा खांदा हलायचा. खांदा हलला की मी बोट वर करायचो. दरवर्सी पास." ते थोडं हसले. "तुझ्या अम्मीला ठावं हुतं."

"मग त्या दिवशी मला 'कर तू' का म्हणालात? काही ऐकलंच नव्हतं तर?"

"बोललेलं न्हाई ऐकलं. तोंड बघितलं तुझं. अम्मी गेल्यापास्नं येवढी खूश कवा दिसली न्हवतीस. म्हणलं, जे काय आसंल ते करू दे पोरीला."

 त्यांनी पुन्हा फोनकडे पाहिलं, मेसेज पुन्हा वाचला, आणि एकदम चेहरा बदलला.

"प्रेस शॉपच्या मागं? किती टनाच्या प्रेस हायेत?"

मी काही सांगायच्या आत ते उठले. कपाटाच्या खालच्या कप्प्यात खुडबुड केली आणि एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. आत पिवळे, दोरीने जोडलेले, कानात घालायचे बोळे. पाकीट न फोडलेलं. कंपनीने दिलेले.

"आमी कुणी घातले न्हाईत," ते म्हणाले. "मशीन बिघडायच्या आदी तिचा आवाज बदलतो, बोळे घातल्यावर कळंल कसं, म्हणायचो." माझ्या हातात पाकीट ठेवून त्यांनी मूठ मिटली. "तू घाल. रोज घाल. माज्यासमोर कबूल कर."

मी मान हलवली. त्यांना ते पुरलं नाही. त्यांनी माझ्या ओठांकडे बोट दाखवलं. मग मी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "रोज. घालेन."

सोमवार, ८ डिसेंबर

आज बोळे घालून सकाळी गाळ्यात काम केलं. ज्योतीरामभाऊंनी बघितले आणि त्यांच्या माणसांसाठी मागवून घ्यायचं म्हणाले. दुपारी सुट्टी काढून अब्बांना चिंचवडला कानाच्या तपासणीला नेलं.

काचेच्या छोट्या खोलीत अब्बांना बसवलं, कानांवर हेडफोन. तपासणाऱ्या ताई काचेबाहेर. अब्बांची नजर लगेच ताईंच्या खांद्यावर! मी ताईंना म्हटलं, "त्यांची खुर्ची भिंतीकडे वळवा. प्लीज." ताईंना कळेना. मी म्हटलं, "माझे अब्बा दरवर्षी पास होतात. यावेळी नापास झाले तरी चालतील."

खुर्ची फिरली. आता मला फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि गुडघ्यावर ठेवलेला हात. ताईंनी बटण दाबलं. हात हलला नाही. थोडं वाढवलं. हात हलला नाही. आणखी वाढवलं.  काचेच्या पलीकडे एक बारीकशी शिट्टी जात होती, मला माहीत होती, ताईंना माहीत होती, आणि ती कुठेतरी पोचते आहे की नाही एवढंच जगात शिल्लक होतं.

आणखी वाढवलं.

अब्बांची मान किंचित वाकडी झाली, कुणीतरी लांबून हाक मारावी तशी. आणि बोट वर आलं. हळू, खात्री नसल्यासारखं, पण कुणाचाही खांदा न बघता, स्वतःचं.

"आलं!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर बसलेले पेशंट उठून आत बघायला लागले.

ताई वैतागून म्हणाल्या, "मॅडम, गप्प बसा. आवाज करू नका. टेस्ट चालू आहे."